उत्तर सुचवायचं नाही

बोरिवलीच्या मंडईत गवार निवडत उभी होते, तेव्हा शैलाच्या नणंदेचा, वैशालीचा मेसेज आला. ‘शैला आज पहाटे शांतपणे गेली. शेवटपर्यंत तिला कशाचीही कल्पना नव्हती, ही देवाचीच कृपा.’ खाली जोडलेले हात, एक दिवा, एक पांढरं फूल. ती आता लवकरच जाणार हे आदल्या आठवड्यात तिला पाहिलं तेव्हाच कळलं होतं, त्यामुळे पहिलं वाक्य मी कसंबसं पचवलं. दुसरं वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. निवडलेली गवार तशीच टाकून मी बाजूच्या ओट्यावर जाऊन बसले. भाजीवाली म्हणाली, “ताई, उन्हाचं झालं असेल, पाणी प्या.” ऊन नव्हतं. पाणी प्यायले.

कल्पना नव्हती म्हणे. शैलाला आपल्याला काय झालंय हे इस्पितळात भरती झाली त्या दिवसापासून माहीत होतं, अगदी नेमकं माहीत होतं, दुखणं कुठल्या अवयवात आणि त्या अवयवाच्याही कुठल्या टोकाला आहे इथपर्यंत. तिच्या घरच्यांना ते माहीत आहे हेही तिला माहीत होतं. आणि तरी सगळे जण महिनोन्‌महिने तिच्या खाटेभोवती उभे राहून ‘पित्ताशयाला थोडी सूज आहे’ असं सांगत राहिले. आता ती जाऊन काही आठवडे झाले, तरी भेटेल तो मला म्हणतो, “किती भाग्याची, नकळत गेली.” हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख अंधेरी पूर्वेच्या एका टेक्निकल कॉलेजात झाली. कॉलेज हे पाटीवर. खाली फरसाणचं दुकान, पहिल्या मजल्यावर एसी आणि मोबाइल दुरुस्तीचे वर्ग, दुसऱ्यावर आम्ही, मेडिकल कोडिंगवाले. जिन्यात उघडे पडलेले कॉम्प्रेसर, तेलकट हात पुसून काळ्या झालेल्या भिंती, आणि बायकांच्या संडासाची किल्ली शिपायाच्या खिशात. ती मागायला गेलं की तो आधी आपला चहा संपवायचा. मी इतकी वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई. शाळेचा मराठी विभाग बंद पडला आणि मी घरी बसले. शैला गोरेगावच्या एका नर्सिंग होममध्ये काउंटरवर होती. ती इमारत पुनर्विकासाला गेली, डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले आणि तीही घरी बसली. वर्गात सगळ्या बी.एस्सी. झालेल्या कोवळ्या पोरी, आम्हाला ‘आंटी’ म्हणणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यातल्या एकीने शैलाला विचारलं, “आंटी, तुम्ही मुलीची अ‍ॅडमिशन घ्यायला आलात का?” शैला म्हणाली, “नाही गं, मुलगीच व्हायला आलेय.” मी तिच्या शेजारी जाऊन बसले ती त्यानंतर कायमचीच.

हा धंदा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत कुणी आजारी पडतं, तिथले डॉक्टर टिपणं लिहितात, आणि विमा कंपनीकडून त्यांचे पैसे यावेत म्हणून त्या टिपणांतल्या प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक टाक्याला एक अक्षर आणि काही आकडे लावावे लागतात. तो कोड. ते लावण्याचं काम अंधेरी-मालाडच्या काचेच्या इमारतींत बसून आपली मुलं करतात. पुस्तक उशीएवढं जाड. त्यात काय नाही? बदक चावलं तर एक कोड, बदकाने नुसती धडक दिली तर दुसरा. हे शिकवलं त्या दिवशी शैला बाकावर डोकं ठेवून हसत होती. तिचं माहेर कणकवलीच्या अलीकडचं. म्हणाली, “आमच्या गावाक रेड्यान उडवल्यान तरी कोण लिवन ठेवीत नाय.” पुढे कित्येक दिवस आम्ही रस्त्यातल्या माणसांना कोड लावत फिरायचो. वर्गातली एक पोर सारखी रुसायची, तिला आम्ही बदकाचा कोड दिला होता.

शिकवायला नाईक सर होते. होमिओपॅथीची पदवी घेतलेले, पण दवाखाना कधी न चाललेले. माणूस चिडका, फळ्याशी भांडल्यासारखा लिहायचा. पण त्या गलिच्छ इमारतीत शिकण्यासारखं जे काही होतं ते त्याच्यापाशी होतं. डॉक्टरचं टिपण अर्धवट असलं तर कोड लावणाऱ्याने अंदाज करायचा नाही, डॉक्टरला प्रश्न पाठवायचा. या प्रश्नाला आमच्याकडे ‘क्वेरी’ म्हणतात. क्वेरीची एक शिस्त असते. “‘डॉक्टर, हा न्यूमोनियाच ना?’ असं विचारायचं नाही,” सर सांगायचे. “‘पेशंटला काय झालंय, कृपया स्पष्ट करा’ असं विचारायचं, आणि थांबायचं. उत्तर सुचवायचं नाही. ज्या प्रश्नात उत्तर आधीच बसलंय तो प्रश्न नव्हे, ती लबाडी.” पोरी परीक्षेपुरतं लिहून घ्यायच्या. शैलाला ते फार पटलं. खरं म्हणजे ती जन्मभर हेच करत आली होती. काउंटरवर आलेल्या माणसाला “काय होतंय?” एवढंच विचारायची, मग दोन्ही हात मांडीत घेऊन गप्प बसायची. समोरचा अडखळो, रडो, भलतंच बोलो, ती मध्ये एक शब्द टाकायची नाही. हायवेवरून परतताना आम्ही एकाच बसने यायचो, ती दिंडोशीला उतरायची, मी पुढे बोरिवलीला. एकदा कंडक्टर सुट्ट्यांवरून सगळ्यांवर खेकसत होता. तिने त्याला विचारलं, “काय झालं?” आणि हात मांडीत घेतले. जोगेश्वरी येईपर्यंत तो माणूस आमच्या सीटजवळ उभा राहून आपल्या घटस्फोटित बहिणीबद्दल सांगत होता. मी तिला म्हटलं, “तुला लोकांच्या चौकश्या फार.” ती म्हणाली, “मी कुठे चौकशी केली? एकच तर विचारलं.”

तिच्या घरी मी बऱ्याचदा जेवले आहे. नवरा प्रकाश, वीज कंपनीत. वाईट माणूस नाही, हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात हे विसरायला होईल. परीक्षा जवळ आली तेव्हा तोच तिची उजळणी घ्यायचा. ती ओट्याशी तिसऱ्यांचे शिंपले धूत उभी, हा सोफ्यावर मांडीवर पुस्तक घेऊन. “सी-चौतीस?” “फुप्फुसाचा.” “सी-पन्नास?” “स्तनाचा.” सी या अक्षराने सुरू होणारं सगळं प्रकरण कॅन्सरचं. दोन-तीन विचारून झाले की प्रकाश पानं उलटायचा. “दिवेलागणीला हे नको गं,” म्हणायचा, “बदकाचं विचारतो.” ती ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत हसायची. ते पुस्तक त्या सोफ्यावर महिनोन्‌महिने पडलेलं होतं. हे लक्षात ठेवा.

परीक्षा पास झालो. ‘शंभर टक्के नोकरी’ असं कॉलेजच्या पाटीवर होतं, ती नोकरी म्हणजे आठ-दहा कंपन्यांचे फोन नंबर हातात दिले, इतकीच. आम्ही दोघी स्वतःच फिरलो, आणि मालाडच्या एका कंपनीत लागलो. शैला तिथे सगळ्यात जास्त क्वेऱ्या पाठवायची. टीम लीडर चिडायचा, “आंटी, अंदाजाने टाका ना, कोण बघतंय?” ती म्हणायची, “मी बघतेय रे.” सुखाचे दिवस होते. डब्यात तिची सोलकढी असायची, आणि कुठल्याशा अमेरिकन म्हातारीचं मोडलेलं खुब्याचं हाड आम्ही घरच्या माणसाचं असावं तशा काळजीने जुळवायचो.

मग तिला खाज सुटायला लागली. अंगभर. डोळे पिवळे झाले, कपडे ढगळ झाले. काविळीची औषधं झाली, गावठी मुळी बांधून झाली, शेवटी एका मोठ्या खासगी इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरने प्रकाशला आणि वैशालीला आत बोलावलं, शैलाला ‘बीपी बघायला’ बाहेर पाठवलं, आणि तिथेच या सगळ्या नाटकाची संहिता ठरली. पेशंटला सांगायचं नाही. मनोबल खचतं. सूज आहे म्हणायचं. मला या ‘मनोबल’ शब्दाची किळस येते. मनोबल कुणाचं सांभाळायचं होतं ते पुढे दिसलंच.

प्रकाशने फार मेहनतीने सगळा बंदोबस्त केला. नर्सेसना सांगितलं, वॉर्डमधल्या मावशींना सांगितलं, नातेवाइकांना एकेक करून फोन केले. भरतीच्या दिवशी शैला चाकाच्या खुर्चीत बसून वाट पाहत होती. प्रकाशने विम्याच्या काउंटरवरच्या मुलीलाही जाऊन हळूच विनंती केली की मॅडम, पेशंट इथेच आहे, आजाराचं नाव घेऊ नका. ती मुलगी बिचारी समंजस. तिने विमा कंपनीला फोन लावला, शैलाकडे बघून गोड हसली, आणि नाव न घेता नुसता कोड सांगितला. सी-पंचवीस-पॉइंट-शून्य.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. स्वादुपिंडाच्या डोक्याशी. काउंटरपाशी उभ्या असलेल्या इतक्या जणांत तो आकडा फक्त एका बाईला समजत होता, आणि नेमकी तीच खुर्चीत होती. प्रकाशने सुटकेचा निःश्वास सोडला असेल. ज्या माणसाने मांडीवर पुस्तक घेऊन बायकोला हेच आकडे विचारले, त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही की... असो.

मी संध्याकाळी भेटायला गेले. खोलीत कुणी नव्हतं. ती म्हणाली, “मेधा, उजळणी घे.” मी म्हटलं, “काय?” म्हणाली, “सी-पंचवीस-शून्य. डोकं. मला पुढचं आठवतंय, तुला आठवतंय का बघ.” मी शिक्षिका आहे, मला पुढचं चांगलंच आठवत होतं. “कोणी सांगितलं?” मी विचारलं. “विम्याच्या पोरीने. गोड आहे पोरगी, नाव नाही घेतलं तिने.” आणि ती हसायला लागली, अगदी बदकाच्या वेळी हसली होती तशी, मग हसताना दुखलं म्हणून थांबली. तिने मला शपथ घातली की मी घरच्यांना काही कळू द्यायचं नाही. “ते विचारतील तेव्हा मी सांगेन.”

“आणि नाही विचारलं तर?”

“विचारतील गं. घरचीच माणसं आहेत.”

तिला एकच गोष्ट हवी होती. आई. ऐंशी ओलांडलेली म्हातारी गावी भावाकडे होती, कान-डोळे शाबूत, पायाने थोडी अधू. शैलाने एकदा सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “आईला बघावंसं वाटतंय.” वैशाली लगेच म्हणाली, “अगं, बरी झालीस की आपण सगळेच जाऊ गणपतीला.” शैला बरं म्हणाली. बाहेर पॅसेजमध्ये वैशाली माझ्याशी कुजबुजली, “म्हातारी आली की रडारड करणार, हिला संशय येईल.” म्हणजे ज्या संशयाचं आत लोणचं घालून झालं होतं, तो येऊ नये म्हणून आईला आणायचं नव्हतं. आईलाही सूजच सांगितली होती. त्यानंतर शैलाने जे जे मागितलं ते सगळं ‘बरी झाल्यावर’च्या कपाटात गेलं. आणि भेटायला येणाऱ्यांची जत्रा काय वर्णू? शहाळी, अंगारे, केक. हळदीसारख्या पिवळ्या पडलेल्या बाईला एक जाऊ म्हणाली, “चेहऱ्यावर तेज आलंय हं.” मी पटकन बाहेर निघून गेले, नाहीतर तिच्या हातातलं शहाळं तिच्याच डोक्यात घातलं असतं. दारातून बाहेर पडताच हीच माणसं आवाज खाली न करता विचारायची, “किती दिवस देतायत?” आत सूज, बाहेर दिवस. खरकट्या ताटावर पुन्हा वाढून घ्यावं तशी शिसारी यायची.

मला शपथ होती. पण शपथ न मोडता जेवढं करता येईल तेवढं करायचं ठरवून मी एक दिवस प्रकाशला चहाच्या मशीनपाशी गाठलं. म्हटलं, “तुम्ही एकदा तिला विचारा, तुला काय हवंय? एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती बोलेपर्यंत काही म्हणजे काही बोलू नका.”

“डॉक्टर म्हणालेत, ताई...”

“डॉक्टरांनी विचारू नका असं नाही सांगितलेलं.”

त्याने मान हलवली. खरंच गेला. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. तो तिच्या शेजारी बसला, हात हातात घेतला. एसीच्या गारव्यात त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. “शैला, तुला काही हवंय का?” त्याने विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ उघडले. मी मनात म्हणत होते, थांब, आता थांब, एवढा एक क्षण धीर धर... “म्हणजे काही नकोय ना?” तो घाईने म्हणाला. “सगळं आहे ना इथे? काही कमी नाही ना?”

तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. नाईक सरांनी एखाद्या पोरीची चुकलेली क्वेरी वर्गात वाचून दाखवली की आम्ही जशा एकमेकींकडे बघायचो, तसं. मग त्याला म्हणाली, “नाही रे. काही नको.”

नंतर मी तिच्यावर भडकले. “अगं, तूच बोलून टाक ना. काय होईल?” ती दमली होती. म्हणाली, “ज्याला ऐकायचं नाही त्याच्या कानात ओरडून काय उपयोग, मेधा? त्याला पेलायचं असेल तेव्हा तो विचारेल.” तिचं हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चांगली शिस्त चुकीच्या जागी पाळली तिने. कागदावरच्या पेशंटसाठी थांबता येतं. तिच्याकडे थांबायला वेळ कुठे होता? पण तिच्यावर रागावले तरी किळस तिची येत नाही. ती वाट बघत होती, एवढंच तिचं चुकलं.

ती गेल्यावर तिच्या फोटोचा पहिला उपयोग आमच्या कॉलेजने केला. वर ‘आमच्या यशस्वी विद्यार्थिनीला भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘नवीन बॅचसाठी प्रवेश सुरू’. फोटोतली शैला परीक्षेच्या ओळखपत्रावरची, डोळे विस्फारलेली. मी नाईक सरांना फोन करून जे बोलायचं ते बोलले. ते म्हणाले, “मी नाही टाकलं हो ते,” आणि मग रडले. चिडक्या माणसांचं रडणं बघवत नाही, ऐकवतही नाही.

बाराव्याला दिंडोशीला गेले, तर समोर खुर्चीत शैलाची आई. आणली होती. मुलगी जिवंत असताना जी येऊ शकत नव्हती, पाय अधू होते, प्रवास झेपला नसता, रडारड झाली असती, तिच्यासाठी आता गाडी मिळाली होती, आणायला माणूस मिळाला होता, आणि रस्ता तोच होता. म्हातारी रडत नव्हती. नऊवारीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिने विचारलं, “मरताना माझ्या चेडवान काय सांगल्यान?”

वैशाली तत्परतेने पुढे झाली. “काही नाही हो आई. तिला शेवटपर्यंत काही कळलंच नाही. झोपेतच गेली.”

म्हातारीने ते ऐकलं, आणि जणू ऐकलंच नाही अशी माझ्याकडे वळली. मी कोण हे तिला माहीत नसावं. तिने तोच प्रश्न मला विचारला, आणि दोन्ही हात मांडीत घेऊन गप्प बसली.

मला त्या क्षणी कळलं की शैला हे कुठून शिकली होती. नाईक सरांच्या फळ्यावरून नव्हे. त्या खुर्चीतल्या बाईसमोर खोटं बोलणं मला शक्यच नव्हतं, आणि शपथ घरच्यांसाठी होती, आईसाठी नव्हती. मी सांगितलं. “तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. तिला तुम्हाला भेटायचं होतं.”

वैशाली म्हणाली, “आता कशाला हे...” म्हातारी सावकाश प्रकाशकडे वळली. रागावली नाही, आवाज चढवला नाही.

“मगे माका कित्याक बोलवलात नाय?”

प्रकाश भिंतीला टेकून उभा होता. या वेळी त्याला कुणी उत्तर सुचवलं नाही. म्हातारी थांबून राहिली. शेवटी तो खाली बसला आणि तिच्या अधू पायांवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पाय मात्र मागे घेतले नाहीत.

निघताना तो माझ्या मागोमाग लिफ्टपर्यंत आला. “ताई, माझ्याबद्दल काही म्हणाली होती?” विचारून तो गप्प उभा राहिला. लिफ्ट येऊन गेली. काहीतरी गोडधोड सांगून सुटणं सोपं होतं, पण त्या घरात गोडाचा आधीच अतिरेक झाला होता. ती जे म्हणाली होती तेच मी सांगितलं. “म्हणाली, प्रकाशला नाटक जमत नाही, घाम फुटतो बिचाऱ्याला. पण मेहनत घेतोय, घेऊ दे.” तो हसला की रडला ते मला नीट कळलं नाही. माझी शिसारी त्याने कमी झाली असं म्हणवत नाही. बसमध्ये बसल्यावरही तोंड कडूच होतं.

मालाडच्या ऑफिसात तिच्या जागेवर आता एक नवी मुलगी बसते, अंदाजाने भराभर कोड टाकते, टीम लीडर खूश आहे. मी मात्र हल्ली फार क्वेऱ्या पाठवते. परवा एका अमेरिकन म्हातारीची फाइल आली, डॉक्टरने टिपण अर्धवट सोडलेलं. तो आकडा मला दिसत होता, बोटांवर येऊन थांबला होता. मी तो टाकला नाही. ‘पेशंटला काय झालंय, कृपया स्पष्ट करा’, एवढं लिहून पाठवलं. मग कीबोर्डवरून हात काढले आणि मांडीत घेतले.